दुसरी किल्ली माझ्याकडे होती

हे लिहायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली. आधी म्हणालो, तो आहे तोवर नको. तो गेल्यावर म्हणालो, आक्का आहे तोवर नको. आक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण, अजून आहे. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत. तिला आता चष्मा लावूनही वाचता येत नाही, म्हणून मी धीर केला असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. मी असाच वागत आलो आहे.

त्याचं नाव लिहीत नाही. बँकेत सगळे त्याला 'हेड' म्हणायचे, कारण तो हेडकॅशियर होता. निवृत्त झाल्यावरही ते नाव सुटलं नाही. मुलुंडचा भाजीवालासुद्धा त्याला हेडसाहेब म्हणायचा आणि त्याला वाटायचं, हे पोलिसांतले हेड. मेथी नेहमी ताजी मिळायची.

घाटकोपरच्या एका लहानशा सहकारी बँकेत आम्ही एकोणीस वर्षं एकत्र काढली. तिजोरीच्या दाराला दोन किल्ल्या. एक हेडकडे, एक माझ्याकडे. मी अकाउंटंट होतो. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. एकट्या माणसाला मोह होऊ नये म्हणून बँकांची ही जुनी रीत. बाकीचे ती नोकरीचा भाग म्हणून पाळत. हेडने ती रीत घरी नेली. तो देवाची पूजा करत नसे, पण या रीतीची करत होता असं मला आज वाटतं.

त्याच्या गळ्यात दोरा असे आणि बनियनच्या आत, छातीवर, ती किल्ली. रस्त्याने चालताना एक हात तिच्यावर. नव्याने लागलेल्या शिपायाला वाटलं साहेबांना छातीचा त्रास आहे. बिचारा पाणी घेऊन धावला. हेड म्हणाला, "माझं काही दुखत नाही. ही बँकेची आहे." सकाळी दारापुढे उभं राहिलं की तो बोटाने लोखंडावर दोनदा टकटक करी. "उठा साहेब, दहा वाजले." मग स्वतःची किल्ली फिरवी. नंतर माझी पाळी. मी किल्ली लावायला लागलो की तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. तसा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, त्याचा होता. त्याची पाळी असताना मीही भिंतीकडे बघायचं. विसरलो तर तो म्हणे, "पाठ." मी पाठ करायचो. "झालं?" "झालं." रोजचं इतकंच बोलणं. एकोणीस वर्षं.

'बहुतेक' हा शब्द त्याच्या काउंटरवर बंद होता. नवीन क्लार्क म्हणाला, "साहेब, बहुतेक चाळीस हजार आहेत," की हेड मान वर न करता विचारी, "बहुतेक म्हणजे किती रुपये?" आणि त्याच्याकडून एक कटिंग चहा वसूल करी. सगळ्यात जास्त चहा मी पाजला. माझा स्वभावच बहुतेकचा. हेडला मात्र पक्कं आठवायचं. बदलून दिलेल्या फाटक्या नोटेचा नंबर तो तीन वर्षांनी सांगायचा. माझ्या घाटकोपरच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा दारात चपला काढताना म्हणाला, "त्रेपन्न पायऱ्या, आणि चाळिसावी तुटलीय." मी त्या घरात तेव्हा सहा वर्षं राहत होतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एका सोमवारी मी किल्ली घरी विसरलो. पँट बदलली आणि किल्ली आधीच्या पँटच्या खिशात राहिली. महिन्याची सुरुवात, बाहेर पेन्शनवाल्यांची रांग, मॅनेजर घड्याळ बघत उभे. मी हेडच्या कानात म्हणालो, "कुलूप अडकलंय म्हणून सांगतो." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्याने म्हणाला, "साहेब, किल्ली घरी राहिलीय. आम्ही दोघं जाऊन आणतो."

'आम्ही दोघं' म्हणायची त्याला काही गरज नव्हती. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "कुलूप अडकलं म्हणाला असतास तर त्यांनी मिस्त्री बोलावला असता. मिस्त्रीने दार कापलं असतं. मग? पंधरा मिनिटांची शरम आहे रे. घे अंगावर."

मला मेमो मिळाला. त्याच्या खाली हेडने स्वतःहून सही केली.

त्याला भीती एकाच गोष्टीची होती. त्याचे वडील गिरणीत होते. म्हातारपणी त्यांचं डोकं गेलं. गिरणी पाडून तिथे टॉवर उभा राहिला तरी ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि वाटेत कुणालाही गिरणीचा रस्ता विचारायचे. शेवटी शेवटी ते हेडलाच 'पाहुणे, बसा' म्हणत. हेडने हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "आमच्या घरात ते आहे." जणू घरात साप आहे. तेव्हापासून मला त्याच्या पायऱ्या मोजण्याचं हसू यायचं बंद झालं. तो रोज स्वतःला तपासत होता.

निवृत्तीनंतर तो कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागला. तिथे कुणीतरी त्याला बिटकॉइनबद्दल सांगितलं. तेव्हा ते नाव आमच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. तो संध्याकाळी माझ्याकडे आला तोच तावातावाने. "अरे, या पैशाला हेडकॅशियरच नाही! कुणीच मोजत नाही, सगळेच मोजतात म्हणे. असं कसं चालेल? बघू तरी." आणि एखाद्या जुन्या स्कूटरच्या किमतीत त्याने दोन नाणी घेतली. लोभाने नाही, कॅशियर नसलेली बँक किती दिवस टिकते ते बघायला.

नाणी म्हणजे अर्थात नाणी नाहीत. ती उघडायची एक लांबलचक गुप्त ओळ असते, आणि ती ओळ त्याने एका खास पेनड्राइव्हवर ठेवली. त्या पेनड्राइव्हला पासवर्ड. पासवर्ड दहा वेळा चुकला की तो आतलं सगळं कायमचं पुसून टाकतो. ते वाचून हेड खूश झाला. "हा गृहस्थ आपल्यातला आहे," म्हणाला.

आणि त्याने पासवर्डच्या दोन किल्ल्या केल्या. अर्धा त्याने टाकायचा, पुढचा अर्धा मी. एकाने दुसऱ्याला सांगायचा नाही. कागदावर लिहायचा नाही. वाढदिवस, मुलांची नावं, देव चालणार नाहीत. आणि ठेव आठ वर्षांची. मुदतीआधी मोडायची नाही. शंभरपानी वहीत त्याने रकाने आखले, तारीख घातली, 'पहिली किल्ली' पुढे स्वतः सही केली, 'दुसरी किल्ली' पुढे माझी घेतली.

"पाठ," मी म्हणालो. तो भिंतीकडे वळला. मी माझा अर्धा टाकला.

"झालं?"

"झालं."

घरी जाऊन मी पहिलं काम केलं ते पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपच्या मागे तो लिहून ठेवायचं. माझी स्मरणशक्ती मला माहीत होती. स्लिप कुठे ठेवली तेही नीट लक्षात ठेवलं. नंतर बायको गेली, घाटकोपरचं घर विकलं, मी मुलाकडे बोरिवलीला राहायला गेलो. कागदपत्रांची खोकी माळ्यावर चढली.

मुदत भरायच्या महिनाभर आधी हेडचा फोन आला. स्कूटरच्या किमतीचं एव्हाना काय झालं होतं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला त्यातून एकच गोष्ट करायची होती. आक्काचे गुडघे गेले होते. इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्षात ती खाली उतरली नव्हती. "लिफ्टवाल्या घरात नेतो तिला," तो म्हणाला. "तुझं आठवतंय ना?"

मी माळा उपसला. स्लिप नव्हती.

मला साहित्य आठवत होतं, कृती आठवत नव्हती. माझ्या पहिल्या शाखेच्या तिजोरीचा नंबर आणि आईच्या माहेरच्या गावाचं नाव. पण नंबर आधी की गाव आधी? पूर्ण नंबर की शेवटचे चार आकडे? आणि एक तारकेचं चिन्ह होतं, ते मध्ये की शेवटी? मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: "हेड, बहुतेक आठवतंय." तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

"आठवतंय," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

एका बैठकीत तीनच प्रयत्न, असं त्याने आधीच ठरवलं होतं. पहिल्या रविवारी दुपारी घडीच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही. हेडने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेनड्राइव्हवर बोटाने टकटक केली. "उठा साहेब." आतून आक्का ओरडली, "बाबल्या, आधी चाय घे. ता खंय पळान जाता?"

त्याने त्याचा अर्धा टाकला. मी पाठ केली. मग मी माझा टाकला, त्याने पाठ केली. "झालं?" "झालं." त्याने बटण दाबलं.

चूक.

"बोट घसरलं असेल," तो म्हणाला. "तेच परत."

मी तेच परत टाकलं नाही. नंबर आणि गावाची अदलाबदल केली. चूक. तिसऱ्या वेळी चारच आकडे घेतले. चूक. दर वेळी तो शांतपणे भिंतीकडे बघत उभा होता, पंख्याच्या वाऱ्याने त्याचे पांढरे केस हलत होते, आणि मी त्याच्या पाठीमागे वेगवेगळी कुलपं लावत होतो.

"तुझं तेच होतं ना? तिन्ही वेळा?"

"तेच."

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग वहीत लिहिलं: प्रयत्न तीन. शिल्लक सात.

त्या आठवड्यात त्याचे रोज फोन आले. पैशाबद्दल एक शब्द नाही. "शाखेतली काउंटरवरची घंटा पितळेची होती ना रे?" "मॅनेजरांच्या मागच्या कॅलेंडरवर गणपती होता की शंकर?" सगळं बरोबर सांगत होता आणि मला विचारून पडताळत होता. मी हो हो म्हणत होतो. दुसऱ्या हाताने मी खोकी उपसत होतो. स्लिप सापडली की सांगू, असं मी मनाशी धरलं होतं. सापडली की सांगणं सोपं जाईल.

दुसऱ्या रविवारी त्याने चहा घेतला नाही. चौथा प्रयत्न. चूक.

मग तो खुर्चीत मागे टेकला आणि अगदी हळू म्हणाला, "हे बघ. तुझं पक्कं आहे. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. आता मी माझं थोडं बदलून बघतो. तू तुझं तेच ठेव."

ते वाक्य मला पुरं ऐकू आलं. त्याचा अर्थही लगेच कळला. आता दोघांपैकी कुणीच जागेवर राहणार नव्हतं. हीच वेळ होती. सहा प्रयत्न शिल्लक होते, आक्का दारात भिंतीला धरून उभी होती, आणि पंधरा मिनिटांची शरम होती.

"बरं," मी म्हणालो.

पाचवा. सहावा. "काय रे, घाम कशाक इलो तुका?" आक्काने मला विचारलं. "ह्या यंत्राक नजर लागली. थांबा, मिरच्यो ओवाळून टाकतंय." तिने खरंच ओवाळल्या. खोलीभर खकाणा झाला. आम्ही तिघंही खोकलो आणि हेड जरासा हसला. त्याला हसताना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

तिसऱ्या रविवारी तो दाढी न करता बसला होता. सातव्याला त्याचा हात कीबोर्डवर थांबला. "मी मघाशी काय टाकलं होतं रे?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "तुला कसं माहीत असणार. तुझी पाठ होती." आठवा. नववा. नवव्यानंतर त्याने लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, जसं एखाद्याला उठू देऊ नये तसे.

"एक उरला," तो म्हणाला. "तो आता वापरायचा नाही. मला आठवेपर्यंत नाही."

जिन्यापर्यंत तो मला सोडायला आला. "आमच्या घरात ते आहे, तुला बोललो होतो ना," म्हणाला. मी म्हणालो, "काहीतरी काय बोलतोस यार." एवढंच.

तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, पाच वस्तूंची नावं अर्ध्या तासाने विचारली. एकही चूक नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे. हेडला ते पटलं नाही. "ते फी घेतात," मला फोनवर म्हणाला. "पेनड्राइव्हने फी घेतलेली नाही."

मग आक्काचे फोन यायला लागले. "डॉक्टर म्हणता काय एक झाला नाय. पण ह्यो ऐकता खंय? दाराची कडी दहा वेळा बघता. एकटो खाली जाणा नाय. काल गळ्यातली घराची किल्ली काढून माका दिल्यान. म्हणता, आक्का, आता तूच ठेव. तू सांग मरे त्याका. तुझा ऐकतलो तो."

माझं ऐकेल. ते खरंच होतं.

सहा महिन्यांनी, एका बुधवारी, सुनेला माझ्या बायकोचं जुनं पासबुक हवं होतं. त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये स्लिप होती. माझंच अक्षर. आधी गाव, मग शेवटचे चार आकडे, मग तारका. मी पलंगावर बसून राहिलो, कारण ते मी एकदा टाकलं होतं. पाचव्या वेळी. त्याने स्वतःचं पहिल्यांदा बदललं, नेमकं त्याच वेळी.

त्याचा पहिला अर्धा बरोबरच होता, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. पण ज्याला माझ्या घराची चाळिसावी पायरी आठवत होती, त्याला स्वतःची किल्ली आठवत नव्हती असं मी मानणार नाही. त्याचा पहिला अर्धा, माझी स्लिप आणि शिल्लक असलेला एक प्रयत्न. सगळं अजून जागेवर होतं.

मी बुधवारी निघालो नाही. गुरुवारी म्हटलं पाय दुखतोय. शुक्रवारी आणि शनिवारीही कारणं सापडली. काय बोलायचं ते पाठ करत होतो. रविवारी बोरिवलीहून बसने निघालो तेव्हा वाक्य तयार होतं: हेड, तुझं पहिल्यापासून बरोबर होतं, चुकलो मी. मुलुंडपर्यंत मी ते मनात म्हणत राहिलो. स्लिप शर्टच्या खिशात होती आणि माझा हात तिच्यावर, त्याचा असायचा तसा.

दार आक्काने उघडलं. किल्लीचा दोरा आता तिच्या गळ्यात होता. हेड घडीच्या टेबलाशी बसला होता, समोर वही.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. आवाज बरा होता, हलका झाल्यासारखा. "संपवलं एकदाचं. शुक्रवारी. शेवटचा प्रयत्न मीच एकट्याने टाकला, काहीतरी. रोज उठून तेच आठवत बसायचं, डोकं फुटायची पाळी आली होती. गेलं सगळं. साहेब झोपले."

शुक्रवारी.

पैसे गेले होते, पण सांगायचं ते तरीही शिल्लक होतं. पैशापेक्षा तेच मोठं होतं. तुझं डोकं शाबूत आहे, कडी एकदा बघितलीस तरी पुरे, आक्काकडून किल्ली परत घे. ते मी त्या क्षणी सांगू शकलो असतो. त्यानंतर तो चौदा महिने जगला आणि त्या चौदा महिन्यांत एकदाही एकटा जिना उतरला नाही. हृदयविकाराने गेला. डोक्याने शेवटपर्यंत दगा दिला नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

त्याने वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: खाते बंद. 'पहिली किल्ली' पुढे त्याची सही होती. अक्षर तसंच, एक फाटा इकडचा तिकडे नाही. 'दुसरी किल्ली' पुढचा रकाना रिकामा होता.

"सही कर," तो म्हणाला. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाला, "आणि माफ कर रे. तुला एवढ्या लांबून खेपा घालायला लावल्या. तुझी किल्ली पक्की होती. माझीच गेली."

मी पेन घेतलं. आता सहीत लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी सवयीने तो खुर्चीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची मान बारीक झाली होती. मी सही केली. खिशातली स्लिप बाहेर काढली, ती घामाने मऊ झाली होती, आणि वहीच्या पानावर धरली. तयार केलेलं वाक्य तोंडात होतं.

"झालं?" त्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

मी स्लिप परत खिशात ठेवली.

"झालं," मी म्हणालो.